वॉलेटच्या वेबसाइटची ऑटोमेटेड टेस्ट कशी लिहायची: खान्देशातल्या नवशिक्या टेस्टरांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या भागातून बीसीएस किंवा इंजिनीअरिंग करून निघालेली बरीच मुलं-मुली टेस्टिंगमध्ये येतात. सेलेनियमचा क्लास झालेला असतो, लॉगिन पानाची टेस्ट डोळे मिटून लिहिता येते. मग एखाद्या प्रोजेक्टमध्ये क्रिप्टो वॉलेटवर चालणारी वेबसाइट समोर येते. तिथे यूजरनेम नाही, पासवर्ड नाही, ओटीपी नाही. 'कनेक्ट वॉलेट' असं एक बटण असतं. ते दाबलं की ब्राउझरच्या कोपऱ्यात वेगळीच खिडकी उघडते आणि तुमच्या टेस्टला त्या खिडकीचा पत्ताच नसतो. पुढचा आठवडा त्या खिडकीमागे धावण्यात जातो.

ती खिडकी कशी पकडायची ते सांगतोच, पण या कामातला खरा अवघड भाग तो नाही. आपल्याकडे कापूस विकायला नेणारा शहाणा शेतकरी व्यापाऱ्याच्या काट्यावर गाडी चढवण्याआधी धर्मकाट्यावर वजन करून पावती खिशात टाकतो. वॉलेटच्या टेस्टमध्येही तसंच करायचं. वेबसाइट म्हणते 'पैसे पोहोचले', पण त्याची खात्री वेबसाइटला विचारून होत नाही. चेनला, म्हणजे व्यवहारांची मूळ नोंद ठेवणाऱ्या ब्लॉकचेनला, वेगळं विचारावं लागतं. मी पाहिलेल्या बहुतेक टेस्ट हिरवी टिक दिसली की थांबतात. हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहिला आहे.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. डॉक्युमेंटेशन उघडलंत की ओळखू येतील.

१. काय लागतं आणि काय लागत नाही

लागतं ते असं:

- आठ जीबी रॅमचा लॅपटॉप. विंडोज चालेल.
- नोड जेएसची एलटीएस आवृत्ती, गिट आणि व्हीएस कोड.
- प्लेराइट. ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारं मायक्रोसॉफ्टचं हे टूल २०२० पासून आहे आणि फुकट आहे. ते स्वतःचे ब्राउझर डाउनलोड करतं, म्हणून इन्स्टॉल करायला वायफायवर बसा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा तिथेच संपेल.
- हार्डहॅट. लॅपटॉपवरच इथीरियमची छोटी चेन चालवायला.
- मेटामास्क या वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनची झिप, त्यांच्या गिटहबच्या रिलीज पानावरून.
- जावास्क्रिप्टमधलं असिंक-अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायची पद्धत) नीट समजलेलं डोकं. हे कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

सेलेनियमने होत नाही असं नाही, पण एक्स्टेन्शन आणि अनेक खिडक्या सांभाळायला प्लेराइट सोपं पडतं. सायप्रेस हे आणखी एक टूल एका वेळी एकच टॅब पाहतं, त्यामुळे वॉलेटच्या खिडकीपाशी ते अडखळतं.

आता लागत नाही ते: पॅन, आधार, बँक खातं, केवायसी आणि एक रुपयाही. 'टेस्ट वॉलेट ॲक्टिव्हेट करायला' कोणी पैसे किंवा कागदपत्रं मागत असेल तर तो चोर आहे.

घरचे विचारतील, 'हे बेकायदेशीर तर नाही ना?' त्याचं उत्तर तयार ठेवा. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के आयकर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो. म्हणजे सरकार त्यावर कर घेतं, बंदी नाही. आणि आपल्या टेस्टमधली नाणी तर खोटीच असतात, त्यांना बाजारात किंमत नाही.

२. सीड फ्रेज: हा नियम मोडायचा नाही

वॉलेटची सगळी मालकी बारा शब्दांत असते, त्यांनाच सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द बीआयपी-३९ नावाच्या ठरलेल्या पद्धतीतल्या २०४८ शब्दांच्या यादीतून येतात. ज्याच्याकडे ते बारा शब्द, त्याचं वॉलेट. 'पासवर्ड विसरलो' अशी सोय नाही, तक्रार करायला शाखा नाही.

म्हणून टेस्टमध्ये स्वतःच्या खऱ्या वॉलेटचे शब्द कधीही वापरायचे नाहीत, 'त्यात दोनशे रुपयेच आहेत' म्हणून सुद्धा नाही. हार्डहॅट स्वतःची टेस्ट फ्रेज देतं: 'टेस्ट' हा शब्द अकरा वेळा आणि शेवटी 'जंक'. जगभरचे डेव्हलपर हीच वापरतात, त्यामुळे ती गुप्त नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. या फ्रेजच्या पत्त्यांवर खऱ्या नेटवर्कवर चुकून पैसे पाठवले तर टपून बसलेले बॉट ते लगेच उचलतात.

एक सापळा नव्यांना दिसत नाही. प्लेराइटची ट्रेस फाइल (टेस्टची पावलोपावली नोंद) आणि व्हिडिओ टेस्टने टाइप केलेलं सगळं साठवतात. वॉलेट सेटअप करताना टाकलेले बारा शब्दही त्यात येतात. ती फाइल सार्वजनिक रेपॉझिटरीच्या बिल्डला जोडली गेली की ते शब्द जगजाहीर झाले.

३. चेन घरातच चालवा

बहुतेक ट्युटोरियल सेपोलिया या टेस्ट नेटवर्कवरून सुरू होतात. तुम्ही तसं करू नका. सेपोलियावर एक ब्लॉक (व्यवहारांचा एक गठ्ठा) बारा सेकंदांनी येतो, कधी नेटवर्क भरलेलं असतं, कधी तुमचं इंटरनेट जातं. शिवाय खोटं इथर (इथीरियमचं नाणं) मिळवायला फॉसेटच्या, म्हणजे अशी नाणी फुकट वाटणाऱ्या वेबसाइटच्या, रांगेत उभं राहावं लागतं आणि काही फॉसेट तर खऱ्या नेटवर्कवर शिल्लक असल्याशिवाय देतच नाहीत. सेपोलियाचं इथर कोणी विकत देत असेल तर घेऊ नका, ते फुकटचंच आहे.

हार्डहॅटचा नोड (चेन चालवणारा प्रोग्राम, नोड जेएसशी गल्लत नको) चालू केला की लॅपटॉपवर ८५४५ या पोर्टवर तुमची स्वतःची चेन तयार होते. चेन आयडी ३१३३७, आणि वीस खाती, प्रत्येकात १०,००० खोटं इथर. व्यवहार पाठवला की ब्लॉक त्या क्षणी तयार होतो. इंटरनेट लागत नाही. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर टेस्ट चालू राहतात. आपल्याकडे हा फायदा लहान नाही.

फाउंड्री या दुसऱ्या टूलचं ॲन्व्हिल हेच काम करतं आणि वेगवान आहे, पण विंडोजवर ते बसवायला बहुधा डब्ल्यूएसएलचा (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीचा) खटाटोप करावा लागतो. सुरुवातीला हार्डहॅट पुरे.

याच टप्प्यावर दोन गोष्टी शिकून घ्या: 'ईव्हीएम स्नॅपशॉट' आणि 'ईव्हीएम रिव्हर्ट'. टेस्ट सुरू होण्याआधी चेनचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि टेस्ट संपली की तिथे परत जायचं. नाहीतर पहिल्या टेस्टने अर्धा इथर पाठवला की दुसऱ्या टेस्टचं गणित चुकतं आणि तुम्ही नसलेला बग शोधत बसता. एक स्नॅपशॉट एकदाच चालतो. रिव्हर्ट केल्यावर पुढच्या टेस्टसाठी नवा घ्यावा लागतो. अनेकांची 'पहिली टेस्ट पास, दुसरी पास, तिसरी फेल' ही कथा इथूनच सुरू होते.

४. आधी खोटं वॉलेट

खरं मेटामास्क आत्ताच जोडायला जाऊ नका. तुमच्या वेबसाइटच्या दृष्टीने वॉलेट म्हणजे पानावरचं 'विंडो डॉट इथीरियम' नावाचं एक ऑब्जेक्ट. ते कसं वागतं हे ईआयपी-११९३ या मानकात लिहिलेलं आहे: 'रिक्वेस्ट' नावाचं एक फंक्शन आणि 'अकाउंट्स चेंज्ड', 'चेन चेंज्ड' यांसारखे इव्हेंट. हे ऑब्जेक्ट आपण स्वतः बनवू शकतो.

प्लेराइटमध्ये 'ॲड इनिट स्क्रिप्ट' आहे. पान लोड होण्याआधी ती आपला कोड तिथे ठेवते. त्यात वीस-तीस ओळींचं खोटं वॉलेट लिहा. खात्यांची मागणी आली की हार्डहॅटचा पहिला पत्ता द्या. बाकी सगळ्या विनंत्या तशाच ८५४५ वरच्या नोडकडे ढकला. हार्डहॅटची वीस खाती आधीच उघडी असतात, त्यामुळे व्यवहाराची विनंती पोहोचली की सही नोडच करतो. ब्राउझरमध्ये प्रायव्हेट की (सहीची गुप्त किल्ली) ठेवायची गरजच पडत नाही. हे कळल्यावर अर्धं काम हलकं होतं.

एवढं करूनही वॉलेट निवडायच्या यादीत तुमचं वॉलेट दिसत नसेल तर ईआयपी-६९६३ बघा. एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन वॉलेट असली की 'विंडो डॉट इथीरियम' कोणाचं यावर भांडण व्हायचं. २०२३ मध्ये आलेल्या या मानकाने ते मिटवलं. आता वेबसाइट 'कोण कोण हजर आहे?' असं विचारते आणि प्रत्येक वॉलेट आपलं नाव, आयकॉन आणि आयडी घेऊन हजेरी लावतं. तुमच्या खोट्या वॉलेटनेही 'रिक्वेस्ट प्रोव्हायडर' हा इव्हेंट ऐकून 'अनाउन्स प्रोव्हायडर'ने उत्तर द्यायला हवं.

शंभर टेस्ट असतील तर नव्वदच्या वर अशा खोट्या वॉलेटवरच लिहाव्यात असं माझं मत आहे. त्या वेगात चालतात आणि मेटामास्कने बटणाची जागा बदलली म्हणून मोडत नाहीत. खरं वॉलेट मोजक्या मुख्य वाटांसाठी ठेवा.

५. धर्मकाटा

पैसे पाठवण्याची साधी टेस्ट घ्या. पत्ता टाकला, ०.५ लिहिलं, 'पाठवा' दाबलं, 'यशस्वी' असं आलं, टेस्ट पास. यात तुम्ही फक्त एवढं सिद्ध केलं की वेबसाइटला 'यशस्वी' हा शब्द दाखवता येतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर चोरीला गेलं. सही करणाऱ्यांना वेब पानावर नेहमीसारखाच व्यवहार दिसत होता. ते पान दाखवणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये फेरफार झाला होता आणि सहीसाठी भलताच मजकूर पुढे जात होता. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला चॉक, डीबग अशा, जिथे तिथे वापरल्या जाणाऱ्या एनपीएम पॅकेजांत (जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या गठ्ठ्यांत) ब्राउझरमध्ये चालणारा कोड घुसवला गेला. पैसे ज्या पत्त्यावर जायचे तो पत्ता तो गुपचूप बदलत होता. दोन्ही ठिकाणी पडद्यावर एक आणि चेनकडे दुसरंच. टेस्टने अशी प्रत्येक चोरी पकडली जाईल असं मी म्हणत नाही. पण जी टेस्ट फक्त पडदा पाहते तिला यातलं काहीच दिसणार नाही, एवढं नक्की.

म्हणून प्रोजेक्टमध्ये एक वेगळी फाइल ठेवा. मी तिला धर्मकाटा हेच नाव देतो. तिचा वेबसाइटच्या कोडशी काही संबंध नसावा. वीएम किंवा ईथर्स लायब्ररीने ती थेट नोडशी बोलेल. प्रत्येक पैशाच्या टेस्टनंतर तिने हे तपासावं:

चेनने दिलेल्या पावतीतलं स्टेटस १, म्हणजे यशस्वी, आहे का. व्यवहारातला 'टू' पत्ता आपण टाइप केला तोच आहे का, पूर्णच्या पूर्ण. पडद्यावर पत्ता पहिली-शेवटची चार अक्षरं आणि मध्ये टिंबं असा दिसतो, आणि चोर तसेच दिसणारे पत्ते मुद्दाम तयार करतात. म्हणून चार अक्षरांची तुलना पुरत नाही. घेणाऱ्याची शिल्लक नेमकी तेवढीच वाढली का. पाठवणाऱ्याची शिल्लक रक्कम अधिक गॅस एवढीच घटली का. गॅस म्हणजे व्यवहाराचं शुल्क: पावतीतला 'गॅस यूज्ड' गुणिले 'इफेक्टिव्ह गॅस प्राइस'. साधं इथर पाठवलं तर २१,००० युनिट लागतात, जास्त दिसले तर काहीतरी वेगळंच चाललं आहे.

टोकन, म्हणजे इथीरियमवरची इथरशिवायची नाणी, पाठवताना नव्यांचा गोंधळ उडतो, कारण तिथे 'टू'मध्ये टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा (चेनवरच्या प्रोग्रामचा) पत्ता असतो. पैसे कोणाला गेले ते 'ट्रान्सफर' या इव्हेंटमध्ये पाहायचं. आणि 'अप्रूव्ह'ची (आपली टोकन वेबसाइटला वापरू द्यायच्या परवानगीची) टेस्ट असेल तर परवानगीची रक्कम न चुकता तपासा. वापरकर्त्याने शंभर टोकन वापरायला द्यायचं म्हटलं आणि वेबसाइटने अमर्याद परवानगी मागितली, असं सर्रास होतं. पडद्यावर मात्र 'अप्रूव्ह' एवढंच दिसतं.

आकड्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बग इथेच सापडतात. एक इथर म्हणजे वेईच्या हिशेबात एकावर अठरा शून्यं. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढे अचूक राहत नाही. एवढे वेई म्हणजे जेमतेम ०.००९ इथर. म्हणजे बहुतेक खऱ्या रकमा साध्या नंबरमध्ये ठेवल्या की शेवटचे आकडे हलू शकतात. टेस्टमध्येही बिगइंट (मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार) वापरा. टेस्टने वेबसाइटसारखंच साधं गणित केलं तर दोघांची चूक जुळते आणि टेस्ट पास होते. दुसरं, सगळ्या टोकनांना अठरा दशांश नसतात. यूएसडीसीला इथीरियमवर सहा आहेत. सहा दशांशांचं एक आणि अठरा दशांशांचं एक, असं दोन्ही टोकनांवर तीच टेस्ट चालवा.

रक्कमही ०.५ सारखी गुळगुळीत ठेवू नका. ०.१२३४५६७८९०१२३४५६७८ टाका, मग कोण कुठे छाटतंय ते दिसेल.

६. नकार, चुकीची चेन आणि लटकलेला व्यवहार

सगळं सुरळीत झालं तर काय, याच्या टेस्ट कोणीही लिहितो. चांगल्या टेस्टरची ओळख इथे पटते. खोटं वॉलेट तुमच्या ताब्यात असल्यामुळे त्याला हवी ती चूक करायला लावता येते.

एरर कोड ४००१: वापरकर्त्याने नकार दिला. बटण पुन्हा दाबता येतं का, की चक्र फिरतच राहतं? नकार ही वापरकर्त्याची मर्जी आहे, त्यावर लाल अक्षरात 'काहीतरी बिघडलं' दाखवणं चुकीचं. असा बग नोंदवायला लाजू नका.

कोड ४९०२: मागितलेली चेन वॉलेटला माहीतच नाही. वेबसाइटने ती जोडायची विचारणा करायला हवी.

कोड उणे ३२००२: आधीची विनंती अजून उत्तराच्या प्रतीक्षेत आहे. बटण दोनदा दाबून बघा. अधीर माणूस तेच करणार आहे.

वॉलेट मध्येच लॉक झालं तर 'अकाउंट्स चेंज्ड' रिकामी यादी घेऊन येऊ शकतो. ती आली की काही वेबसाइटचं पान पांढरं पडतं. आणि अर्धवट फॉर्म भरलेला असताना खातं बदललं तर जुन्या खात्याची शिल्लक दाखवत राहणाऱ्या वेबसाइट मी एकाहून जास्त पाहिल्या आहेत.

लटकलेल्या व्यवहाराची टेस्ट मला सगळ्यात आवडते. हार्डहॅटला 'ऑटोमाइन' बंद करायला सांगा. आता व्यवहार जातो पण ब्लॉक तयार होत नाही. खऱ्या नेटवर्कवर गर्दी असताना असंच होतं. या अवस्थेत पान काय दाखवतं? रिफ्रेश केलं तर व्यवहार अजून दिसतो का, की वापरकर्ता घाबरून परत पाठवेल? मग 'ईव्हीएम माइन'ने हाताने एक ब्लॉक काढा आणि पान स्वतःहून बदलतं का ते पाहा. खऱ्या टेस्ट नेटवर्कवर हे ठरवून घडवता येत नाही, घरच्या चेनवर दोन ओळींत होतं.

७. खऱ्या मेटामास्कची खिडकी

आता ती सुरुवातीची खिडकी. मोजक्याच टेस्टसाठी, पण ती पकडावी लागतेच.

प्लेराइटमध्ये एक्स्टेन्शन फक्त क्रोमियमवर चालतं, आणि तेही 'लाँच पर्सिस्टंट कॉन्टेक्स्ट' वापरल्यावर. झिप उघडून फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझर सुरू करताना 'लोड एक्स्टेन्शन' व 'डिसेबल एक्स्टेन्शन्स एक्सेप्ट' या दोन्ही फ्लॅगना तो रस्ता द्या. प्लेराइटसोबत आलेलंच क्रोमियम वापरा. तुमच्या लॅपटॉपवरच्या रोजच्या गूगल क्रोममध्ये १३७ व्या आवृत्तीपासून 'लोड एक्स्टेन्शन' हा फ्लॅग काढून टाकला आहे. जुनी ट्युटोरियल पाहून क्रोमवर प्रयत्न करणारे इथेच अडकतात, आणि एरर काहीच येत नाही, एक्स्टेन्शन नुसतं दिसत नाही.

मेटामास्कची आवृत्ती पक्की ठरवा आणि प्रोजेक्टमध्ये लिहून ठेवा. 'नेहमी ताजी घेऊ' म्हणालात तर एखाद्या सकाळी सगळ्या टेस्ट लाल झालेल्या असतील आणि तुमच्या वेबसाइटचा त्यात काही दोष नसेल.

एक्स्टेन्शनचा आयडी कोडमध्ये टाइप करू नका. मेटामास्कचा सर्व्हिस वर्कर (पडद्यामागे चालणारा भाग) सुरू झाला की त्याच्या पत्त्यातूनच आयडी काढा.

खिडकी पकडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. 'नवी खिडकी येईल तेव्हा सांग' हे प्लेराइटला बटण दाबायच्या आधी सांगायचं, पण अवेट करायचं नाही. मग बटण दाबायचं, आणि त्यानंतर त्या वचनाची (प्रॉमिसची) वाट पाहायची. उलट केलं तर खिडकी उघडून जाते आणि तुमची टेस्ट नंतर दारात उभी राहते. खिडकी आपोआप उघडत नसेल तर एक्स्टेन्शनचं 'नोटिफिकेशन डॉट एचटीएमएल' पान स्वतः टॅबमध्ये उघडता येतं.

खिडकीत नुसतं 'कन्फर्म' दाबू नका. तिथे दिसणारा पत्ता आणि रक्कम वाचून तुमच्या अपेक्षेशी ताडा. वेबसाइट, वॉलेटची खिडकी आणि धर्मकाटा, तिन्ही जुळले तरच पास.

हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर सिनप्रेस आणि डॅपराइट ही दोन तयार टूल्स आहेत. सिनप्रेस वॉलेटचा सेटअप एकदा करून साठवून ठेवतं, त्यामुळे दर टेस्टला बारा शब्द टाकत बसावं लागत नाही. तरीही पहिली एक टेस्ट टूलशिवाय लिहाच. टूल मोडलं की आत काय चाललंय ते कळायला हवं.

नेहमी दिसणारी एक अडचण: हार्डहॅट बंद करून परत चालू केलं की चेन कोरी होते, पण मेटामास्कला जुन्या व्यवहारांचा क्रमांक, म्हणजे नॉन्स, आठवत असतो. मग हार्डहॅट 'नॉन्स टू हाय' म्हणत व्यवहार नाकारतं. मेटामास्कच्या सेटिंगमधून ॲक्टिव्हिटीचा डेटा साफ करा, किंवा दर वेळी कोऱ्या प्रोफाइलने सुरुवात करा. समांतर टेस्ट चालवायच्या असतील तर प्रत्येक वर्करला (टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला) वेगळं प्रोफाइल फोल्डर हवं, शिवाय वेगळी चेन किंवा निदान वेगळं खातं. आठ जीबी रॅमवर दोनपेक्षा जास्त वर्कर ठेवू नका.

८. ठरावीक सेकंद थांबू नका

'तीन सेकंद थांब' अशी ओळ टेस्टमध्ये दिसली की ती काढा. मे महिन्यात दुपारी जळगावात पारा पंचेचाळिशीकडे जातो, लॅपटॉप तापून मंदावतो आणि सकाळी तीन सेकंदांत येणारं उत्तर चार सेकंदांनी येतं. प्लेराइटचं 'एक्स्पेक्ट' ठरलेली गोष्ट दिसेपर्यंत स्वतःच पुन्हापुन्हा बघतं, मुळात पाच सेकंदांपर्यंत. ती मर्यादा गरजेपुरती वाढवा. चेनची वाट पाहायची असेल तर पावती येईपर्यंत नोडला विचारत राहा.

९. ब्राउझर मराठीत करून बघा

हे कोणत्या ट्युटोरियलमध्ये मला दिसलं नाही, आणि आपल्यालाच ते सुचणार. प्लेराइटमध्ये लोकेल (भाषा आणि प्रदेश) 'एमआर-आयएन' आणि टाइमझोन 'एशिया/कोलकाता' ठेवून सगळ्या टेस्ट एकदा चालवा. वेबसाइटने आकडे ब्राउझरच्या भाषेप्रमाणे दाखवायचं ठरवलं असेल तर शिल्लक १२,३४,५६७ अशी देवनागरीत, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह दिसते. दिसायला छान. पण 'सगळी रक्कम' बटण दाबल्यावर तोच मजकूर रकमेच्या चौकटीत गेला तर जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत आणि 'नंबर नाही' असं उत्तर येतं. पुण्या-बंगळुरूच्या टीमला इंग्रजी ब्राउझरवर हा बग कधीच दिसणार नाही.

१०. सर्व्हरवर

गिटहब ॲक्शन्सवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या गिटहबच्या सेवेवर) चालवताना जॉबमध्ये आधी हार्डहॅट नोड सुरू करा, पोर्ट उत्तर देतंय याची खात्री करा, मग टेस्ट. पडद्याविना एक्स्टेन्शन चालवायला प्लेराइटमध्ये चॅनेल 'क्रोमियम' ठेवा. त्याने क्रोमियमचा नवा हेडलेस मोड वापरला जातो. जुन्या आवृत्तीवर अडला असाल तर एक्सव्हीएफबी (खोटा पडदा) आहे. ट्रेस फक्त पहिल्या रीट्रायला, म्हणजे फेल झालेली टेस्ट पहिल्यांदा परत चालते तेव्हा, साठवा.

११. काम शोधताना

या क्षेत्रात नोकरीच्या नावाखाली चालणारा एक सापळा नीट समजून घ्या. लिंक्डइनवर कोणीतरी भरती अधिकारी म्हणून बोलतो, पगार चांगला सांगतो आणि 'ही छोटी असाइनमेंट चालवून दाखवा' म्हणत गिटहबची लिंक देतो. एनपीएम इन्स्टॉल करताच किंवा प्रोजेक्ट चालवताच त्यातला लपलेला कोड तुमच्या ब्राउझरमधले पासवर्ड आणि वॉलेट चोरतो. उत्तर कोरियाशी जोडल्या गेलेल्या गटांची अशी मोहीम सुरक्षा संशोधकांनी २०२३ पासून उघड केली आहे. लक्ष्य नोकरी शोधणारे डेव्हलपर असतात. अनोळखी प्रोजेक्ट स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर चालवू नका, व्हर्च्युअल मशीन किंवा गिटहबचं कोडस्पेस वापरा. घाई करणारा भरती अधिकारी दिसला की आणखी सावकाश व्हा.

स्वतःचं काम दाखवायला शंभर टेस्ट लागत नाहीत. एक छोटी रेपॉझिटरी करा: पैसे पाठवणं, टोकनची परवानगी, नकार, चुकीची चेन, लटकलेला व्यवहार, मराठी लोकेल, आणि खऱ्या मेटामास्कची एक. सोबत धर्मकाट्याची फाइल. रीडमीमध्ये नोड जेएसची आणि मेटामास्कची आवृत्ती लिहा, आणि 'या फ्रेजवर खरे पैसे पाठवू नका' ही ओळ सगळ्यात वर ठेवा. मुलाखतीत विचारलं की 'ही टेस्ट पास झाली म्हणजे पैसे पोहोचले हे तुम्हाला कसं कळलं?', तर ती फाइल उघडून दाखवा.